युनिव्हर्सल रिमोटच्या माहितीपत्रककारांस अनावृत पत्र

महाशय,

पत्रारंभी सप्रेम नमस्कार लिहिण्याचा प्रघात आहे. तो या पत्रापुरता तहकूब ठेवतो.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या युनिव्हर्सल रिमोटच्या वेष्टनातील आपले माहितीपत्रक आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री मी वाचावयास घेतले. पंढरपूरच्या शासकीय महापूजेचे थेट प्रक्षेपण पाहण्याकरिता मातोश्री पहाटेपूर्वीच उठून बसणार होत्या आणि मूळ रिमोट त्याच दिवशी मोरीतील बादलीत कामी आला होता. तेव्हा ज्याच्या वेष्टनावर सर्व कंपन्यांच्या टीव्हीस चालत असल्याची सनद छापली आहे, त्या वस्तूवर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आमच्या टीव्हीच्या कंपनीच्या नावापुढे आपण चार अंकी संकेतांकांची जी पलटण उभी केली आहे, तीत आमच्या टीव्हीला ओळखणारा कोण, याविषयी पत्रक मौन धारण करते. एका संकेतांकाने आवाज वाढे पण मेन्यू उघडेना. दुसऱ्याने टीव्ही बंद होई, परंतु बाकीच्या कळा निर्विकार राहत.

यावर आपला रामबाण उपाय म्हणजे स्वयंशोध, आणि त्याची पहिली आज्ञा: प्रथम टीव्ही चालू करावा. महाशय, टीव्ही चालू करता येत नाही म्हणूनच तर मनुष्य आपल्या दारी आला! भिंतीस टांगलेल्या टीव्हीच्या खालच्या कडेमागे, जेथे बोट कसेबसे पोचते पण दृष्टी पोचत नाही, तेथे दडवलेले एकुलते बटण चाचपडून शोधावयाचे. मग सेट आणि पॉवर या कळा एकत्र दाबून धरावयाच्या, म्हणजे रिमोट आपल्या दप्तरातील टीव्ही बंद करण्याचे सगळे हुकूम एकामागून एक सोडू लागतो. आणि ज्या क्षणी पडदा काळा होईल, त्याच क्षणी कळा सोडावयाच्या. यशाची खूण म्हणून आपण अंधार मुक्रर केला आहे! आमचा टीव्ही हुकूम मिळताच विझत नाही, तो किंचित विचार करतो. तेवढ्यात रिमोट पुढच्या हुकमांवर गेलेला असतो, त्यांतील एखादा टीव्हीला पुन्हा चालू करतो, आणि खरा संकेतांक कोणता होता याचा कसलाही पुरावा मागे राहत नाही. ही रीत ज्याने मंजूर केली, त्याने ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईसमोर, मध्यरात्री एकदा तरी करून पाहिली आहे काय? नसेल, तर हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे, आणि त्याला याहून सौम्य शब्द वापरण्याची माझी इच्छा नाही. महापूजा मातोश्रींनी अखेर मोबाईलच्या वीतभर पडद्यावर पाहिली.

सेल बदलताच रिमोटची स्मृती का नष्ट होते, हे विचारीत नाही. रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबली असता टोकाशी बहुधा जांभळट प्रकाश लुकलुकताना दिसतो आणि रिमोट जिवंत असल्याची खात्री पटते, एवढी साधी गोष्टही आपण लिहिली नाही.

याउलट, झेनिथ या अमेरिकन कंपनीसाठी रॉबर्ट ॲडलर यांनी सिद्ध केलेला, 1956 साली बाजारात आलेला रिमोट पाहा. त्यात सेलही नव्हता! कळ दाबली की आतील ॲल्युमिनियमच्या कांडीवर हातोडी पडे, मानवी कानास ऐकू न येणारा ध्वनी निघे आणि टीव्ही मुकाट्याने आज्ञा पाळी. कांड्या चार, कामे चार.

पुढे अवरक्त प्रकाश आला आणि एकमत गेले. एका पद्धतीत तो सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतो, फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीत 36 हजार वेळा. त्यावर अनेक कारखान्यांनी आपापली सांकेतिक लिपी रचली, आणि आपला टीव्ही त्यांपैकी कोणती जाणतो याचा पत्ता ग्राहकाला लागू दिला नाही. हे ध्यानी आले की आपल्यावरचा माझा राग ओसरू लागतो. ज्या बेबनावात आपला काडीमात्र हात नाही, त्याचा जमाखर्च आपणास एका चिठोऱ्यावर, मुंगीच्या पावलाएवढ्या टायपात, बहुधा तुटपुंज्या वेतनावर मांडावा लागतो; आणि शिव्याशापांचे धनी मात्र आपण होता.

खरे अपराधी टीव्हीचे कारखानदार आहेत. टीव्हीच्या पाठीवर वॅट आणि व्होल्ट छापावयास त्यांना जागा सापडते. तेथेच संकेतपद्धतीचे नाव व क्रमांक छापण्यास त्यांना कोणती अडचण आहे, याचा खुलासा त्यांनी करावा. आपणाकडे मागणे एवढेच, की पुढील आवृत्तीत 'प्रथम टीव्ही चालू करावा' या वाक्याच्या पुढे तो कशाने चालू करावा, तेही कृपया लिहावे.

कळावे,
आपला,
एक ग्राहक