डोक्यावरचा रिपोर्ट

आजारी माणसाचे रिपोर्ट फायलीत असतात, फाइल कपाटात असते आणि कपाटाची किल्ली घरात ज्याला डॉक्टरांचं अक्षर लागतं त्याच्याकडे असते. नातेवाइकांना यातलं काहीच बघायला मिळत नाही. त्यांना दिसतं ते फक्त डोकं. त्यामुळे केमो झालेल्या बाईच्या घरी आलेले पाहुणे चपला काढता काढता तिच्या डोक्याकडे बघतात आणि दिवाणावर टेकायच्या आत निकाल देऊन मोकळे होतात. केस गेलेले असले तर निकाल असा, "फारच वाढलेलं दिसतंय." केस आलेले असले तर, "सुटलीस बाई एकदाची!" मधल्या काळात, म्हणजे केस बोटाच्या पेराएवढे असताना, निकाल राखून ठेवतात आणि सूचना देतात.

असं डोकं मी वर्षभर मिरवलं, तेही रायपुरात. रायपूरच्या मराठी माणसाला नातेवाइकांची कधी वाण नसते. कुणाचे पूर्वज १७४१ नंतर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेमागून इकडे आले, कुणाचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत चिकटले, कुणाचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. माझंच बघा. तात्यापाऱ्यात आत्या, चौबे कॉलनीत मावशी, बिलासपूरला वन्सं, नागपूरला अख्खं आजोळ आणि पुण्यात पुढची पिढी. त्यामुळे माझ्या डोक्यावर निदान तीन तऱ्हेच्या मराठीत भाष्य झालं. नागपूरची मामी म्हणाली, "काहून वं, एवढेच आले?" पुण्याची चुलत जाऊ म्हणाली, "छान दिसतंय हं. म्हणजे, वेगळं दिसतंय." आत्या म्हणाली, "आता ठीक लागतेस. आधी तर बघवत नव्हतं." तिघींत आत्याचंच मला बरं वाटलं. तिनं निदान दोन्ही वेळचं खरं एकदमच सांगून टाकलं.

खरं तर केमोचा केसांवर काही राग नसतो. तिला घाई असलेल्या पेशी चालत नाहीत, एवढंच. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून यातली बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. पण आपल्या डोक्यावर लाखभर केस असतात आणि त्यांतले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढीच्या कामात गुंतलेले असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तेवढ्याच घाईच्या. मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीत केसच केस. मूळ मात्र बहुतेक वेळा जागेवर शाबूत राहतं. शेवटचा डोस झाल्यावर महिना-दीड महिन्यात त्यातून मऊ लव फुटते आणि पुढं महिन्याला साधारण १ सेंटीमीटर या सरकारी गतीनं कारभार सुरू होतो. ही गती कुणाच्या सांगण्यानं वाढत नाही. तरी सांगणारे सांगतातच.

केस जातात म्हणजे फक्त डोक्यावरचे जातात, असाही एक समज आहे. भुवया जातात, पापण्या जातात, नाकातलेसुद्धा जातात. नाकातल्या केसांचं माहात्म्य कुठल्या पोथीत वाचलेलं नव्हतं, पण ते नसले की नाक न विचारता वाहतं. भजनात वाहतं, बँकेत वाहतं, सत्यनारायणाच्या आरतीत तर हमखास. पापण्यांचं दुःख आणखी वेगळं. उरला आणि सिलतरा इथल्या कारखान्यांची काळी धूळ रायपूरच्या गच्च्यांवर बसते, वाळत घातलेल्या कुरड्यांवर बसते, आणि पापण्या नसल्या तर थेट डोळ्यांत बसते. मी डोळे पुसायला लागले की समोरची बाई माझा हात हातात घ्यायची. "रडू नकोस गं, येतील केस." मी रडत नव्हते, माझ्या डोळ्यात सिलतरा गेलं होतं. पण तिचं सांत्वन इतकं जमून आलेलं असायचं, की ते वाया जाऊ नये म्हणून मी दोन हुंदके द्यायची.

विगही आणला होता. तिरुपतीला लोक नवसाचे केस देतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं आणि त्यातले पुष्कळसे विगांच्या कामी येतात. पण मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ वर जातो. एवढ्या उन्हात दुसऱ्याचा नवस डोक्यावर वागवणं मला झेपलं नाही. सुदैवानं इथल्या उन्हाळ्यात टक्कल झाकायला कारण लागत नाही. एप्रिल लागला की स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोकं, कान, तोंड ओढणीत गुंडाळून फक्त डोळे तेवढे बाहेर ठेवते. तेलीबांधाच्या सिग्नलला उभ्या असलेल्या पन्नास बायकांत कुणाचे केस आहेत आणि कुणाचे नाहीत, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. माझे सगळ्यात सुखाचे दिवस लू चालू असतानाचे.

लव आल्यावर उपाय सुरू झाले. आत्या कांद्याच्या रसावर ठाम, मावशी माक्याच्या तेलावर. वन्संनी बिलासपूरहून मोहाच्या बियांचं तेल धाडलं. ते वाटेतच बाटलीतून झिरपलं आणि सोबत ठेवलेल्या अनारशांना लागलं. नागपूरच्या मामांचा उपाय मात्र शास्त्रोक्त होता. ते म्हणाले, "राजिमला जा. महानदी, पैरी, सोंढूर, तीन नद्यांचा संगम आहे. राजीवलोचनाचं दर्शन घे आणि पुन्हा एकदा तुळतुळीत करून टाक. हे जावळ आहे. जावळ काढल्याशिवाय केस दाट येत नाहीत." मी म्हटलं, मामा, केस कातडीच्या खाली तयार होतो आणि वस्तरा वरून फिरतो, खालच्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खुंट तेवढे जाड लागतात. मामा म्हणाले, "तुम्हा शिकलेल्यांचा कशावर विश्वासच नाही." मामांचं स्वतःचं जावळ राजिमलाच काढलं होतं आणि आज त्यांच्या दोन कानांच्या मधल्या प्रदेशात एकही केस नाही, हे मी बोलले नाही. मोठ्या माणसांचा मान ठेवावा.

काही महिन्यांनी केस कुरळे निघाले. आमच्या सात पिढ्यांत कुणाचा केस वळलेला नाही. केमोनंतर असं होतं. नव्यानं कामाला लागलेली मुळं पहिलं पीक वाकडं काढतात, आणि रंग भरणाऱ्या पेशी उशिरा रुजू होत असल्यामुळे बरेचदा ते पांढरंही निघतं. पुष्कळांचे केस वर्ष-दीड वर्षात वळणावर येतात. पण एवढा धीर कुणाला? एका लग्नात भाच्यानं भर पंगतीत हाक मारली, "आई, बघ, सत्यसाईबाबा!" त्याच्या आईनं त्याला इतक्या मोठ्यानं दटावलं की ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांनाही कळलं. मला तो पोरगा आवडला. मोठी माणसं तेच मनात म्हणत होती आणि तोंडानं "किती गोड" म्हणत होती.

सोनाली बेंद्रेनं २०१८ साली आजार जाहीर केला आणि केस कापल्याचे, टकलाचे फोटो जगासमोर ठेवले. मराठी घरातल्या मुलीनं हे करावं याचा मला अभिमानच वाटला. पण त्या फोटोंचा एक ताप झाला. येणारा प्रत्येक पाहुणा "अगं, सोनाली बेंद्रेसुद्धा..." अशी सुरुवात करायचा, मग माझ्याकडे नीट बघायचा आणि वाक्य तिथंच सोडून चहा प्यायला लागायचा.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं. खरी पंचाईत झाली ती केस कानाखाली आल्यावर. त्या महिन्यात मला एका घरी पापड लाटायला, दुसऱ्या घरी मुंजीच्या तयारीला आणि तिसऱ्या घरी बाळंतिणीला सोबत म्हणून बोलावणी आली. "आता काय, झालीस की बरी!" डोक्यावरचा रिपोर्ट उत्तम होता ना! पण केस आले यावरून केमो थांबली एवढंच सिद्ध होतं. कॅन्सर थांबला की नाही, हे केसांना कोण सांगणार? स्तनाचा कॅन्सर झालेल्या कितीतरी बायकांना पुढं पाच ते दहा वर्षं हार्मोनची गोळी घ्यावी लागते. तपासण्या चालू राहतात. पायांच्या बोटांना मुंग्या येत राहतात. चार पोळ्या लाटल्या की अंगातलं सगळं बळ सरतं. यातलं काही डोक्यावर उगवत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी. रायपुरात मेकाहारा हे सरकारी इस्पितळ आहे, टाटीबंधचं एम्स आहे, नवा रायपूरचं बाल्को कॅन्सर इस्पितळ आहे, त्यामुळे बस्तरपासून ओडिशातल्या कालाहांडीपर्यंतचे लोक कॅन्सरच्या उपचाराला इथं येतात. केमोसाठी थांबलेल्या लोकांत कुणी कुणाच्या डोक्याकडे बघत नाही. तिथं केस असलेला माणूस दिसला की तो पेशंटबरोबर आलेला, असं समजायचं. मीही तसंच समजून शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला विचारलं, तुमचं कोण आत आहे? तिची वेणी कमरेपर्यंत होती. ती हसली आणि पदर सारून हाताची सुई दाखवली. आतड्याचा कॅन्सर. त्यासाठी देतात त्यांतल्या काही औषधांनी केस फारसे जात नाहीत. मला तिचा हेवा वाटला, आणि तिला माझा. म्हणाली, "तुमचं निदान घरचे मानतात तरी. आमच्याकडे म्हणतात, हिला काही झालंच नाही, कामाचा कंटाळा करते."

बाईच्या डोक्यावरून तिची हकिकत वाचायची आपली सवय जुनी आहे. नवरा गेला की वस्तरा फिरवायचा तो याचसाठी, की गावाला लांबूनच कळावं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. न्हाव्यांनी आपलं काम बंद केलं, बघणाऱ्यांनी अजून केलेलं नाही. मी स्कार्फ न बांधता दारात गेले की आमच्या थोरल्या सासूबाई आतून हाक मारायच्या, "कुंकू जरा मोठं लाव गं. लोकांचा भलता समज नको." पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं, त्यांनी लहानपणी आपल्या आजीचं डोकं पाहिलं होतं. माझ्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्या होत्या. बोचणारी बरीचशी वाक्यं अशीच येतात. माणूस आतून घाबरतो, काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटतं, आणि जे जिभेवर येतं ते तो बोलून टाकतो. हे कळलं म्हणून वाक्य कमी लागत नाही. पण रात्री झोप बरी लागते.

नीट वागणारेही भेटले, आणि त्यांच्यातलं कुणीच फारसं बोललं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नवी सून गजऱ्यांचं ताट घेऊन रांगेनं येत होती. माझ्यापाशी आली आणि थबकली. गजरा हातात, समोर इंचभर केस, आणि पाठीमागं अख्खी खोली गप्प. शेजारच्या आजींनी तिच्या हातून गजरा घेतला, माझ्या मनगटाला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि तिळाच्या वड्यांत पाक कच्चा राहिल्याची तक्रार जिथं सोडली होती तिथून पुढं चालू केली. घरी कामाला येणाऱ्या बाईनं तर एवढंही केलं नाही. लव आली त्या सकाळी तिनं भांडी घासता घासता वर बघितलं, शेतात धान उगवल्याची बातमी द्यावी तशी म्हणाली, "दीदी, चूंदी जामत हे," म्हणजे केस उगवताहेत, आणि पुन्हा कढईला लागली.

तेव्हा मंडळी, अशा बाईला भेटायला जाल तेव्हा तिच्या केसांकडे बघू नका, असं मी म्हणणार नाही. डोळे जायचेच. पण पहिलं वाक्य केसांवर खर्चू नका. टोमॅटोचा भाव बोला, पोरांच्या परीक्षा बोला, कुणाची तरी उणीदुणी काढा; आजारी माणसाला तेवढंच बरं वाटतं. उपाय सांगितल्याशिवाय राहवतच नसेल, तर सोबत भरलेला डबा न्या. केस गेले म्हणून निरोप घेऊ नका आणि आले म्हणून पापडाला बोलवू नका, आधी "आज कसं वाटतंय?" एवढं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. निकालाचं काम डॉक्टरांवर सोडा. त्यांनी त्याची फी घेतलेली असते.