तीन सिलिंडरचे गुरुजी

गोसीखुर्द धरणाच्या आसपास कुठल्याही गावात जा, एक निवृत्त गुरुजी भेटतातच. त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली पांढरी मारुती ८०० असते. सकाळी दोघांपैकी आधी कोण खोकलं, हे शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही.

मोठी गाडी परवडत नाही असं मुळीच नाही. पेन्शन आहे, धानाची शेती आहे, मुलगा पुण्यात कमावतो. पण आवडच छोटीची! विषय निघाला की गुरुजी थेट इचलकरंजी गाठतात. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची चिमुकली मोटार घडवली होती. तिचा कारखाना काही उभा राहिला नाही, हे दुःख गुरुजींना अजून पचलेलं नाही. मग येतो १४ डिसेंबर १९८३. इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली, तो दिवस. ही तारीख त्यांना तोंडपाठ. लग्नाची तारीख काकूंना विचारावी लागते.

नॅनो मात्र पटली नाही. ‘‘इंजिन मांगं? बैल कोनी बंडीच्या मांगं जुपते का बाप्पा?’’

मोठ्या वस्तूंवरचा त्यांचा अविश्वास दाराशीच पिकला आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी धरणाचं भूमिपूजन केलं, तेव्हा प्रकल्प ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींपलीकडे गेला. ‘‘मोठ्या वस्तूचं असंच असते. आपली आठशे तवाबी आठशे, आताबी आठशे.’’ खरं तर इंजिन ७९६ सीसीचं; पण गुरुजींना कोण शिकवणार?

कागदावर गाडी चार माणसांची. लग्नाला निघाली की सहा माणसं, तांदळाचं चुंगडं आणि ऐन वेळी उगवलेला एखादा सोयरा. गतिरोधक आला की सगळे उतरतात, गुरुजी गाडीचं पोट सांभाळत ती हळूच पलीकडे नेतात, सगळे पुन्हा चढतात. पवनीपर्यंतचे गतिरोधक काकू डोळे मिटून सांगतात. गुडघे दुखतात ते वयामुळे, असं गुरुजींचं निदान आहे.

पावसाळ्यात धरणाचे ३३ दरवाजे उघडले की नागपूरकरांच्या टोलेजंग गाड्या पाणी बघायला येतात आणि एकमेकींच्या नाकाला नाक लावून अडकतात. हा गुरुजींचा सण. त्या दिवशी त्यांना तिकडे हमखास काम निघतं. फटीतून सटकताना अडकलेल्या एखाद्या नागपूरकराला ते काच खाली करून विचारतात, ‘‘गाडी मोठी झाली म्हून सडक मोठी होते का जी?’’

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. गुरुजींची चालूच आहे. पवनीच्या वाटेवर दिसले तर हात मात्र दाखवू नका. ते थांबतील, जागाही करतील, आणि पुढच्या गतिरोधकाला तुम्हालाही उतरावं लागेल.