ऑप्शनराव

अभ्यास न करणारे पुष्कळ असतात. आमचा रूममेट ऑप्शनराव त्यातला नव्हे. काय करायचं नाही, याचा तो कसून अभ्यास करतो. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमच्या पेपरला चार दिवस उरले की मागच्या पाच वर्षांच्या पेपरांची झेरॉक्स कॉटवर पसरतो आणि सिलॅबसवर लाल पेन फिरवायला बसतो.

बायो-सावर्टचा नियम पहिल्याच झटक्यात ऑप्शनला. "ज्याच्या नावाचा उच्चार कुणाला धड येत नाही, त्याचं इंटिग्रेशन कोण करणार? सरळ तार आली तर अँपिअर दोन ओळींत सोडवतो." गॉस मात्र राहिला, कारण गॉसचे आकार तीनच: गोळा, नळकांडं, सपाट पत्रा. चौथा काढणाऱ्या मास्तरांना म्हणे पाप लागतं.

फॅरडेवर त्याची भक्ती. पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेला माणूस, गणित जेमतेम, तरी 1831 मध्ये चुंबकातून वीज काढली! या भक्तीपोटी जर्नलला बाइंडिंग करून आणण्यात एक अख्खी दुपार गेली. पण गुरू म्हणाल तर हेविसाइड. मॅक्सवेलने 1865 च्या निबंधात वीस समीकरणं मांडली होती, ती हेविसाइडने पुढे चारवर आणली. "बघ, सोळा ऑप्शनला टाकली गड्याने!"

उजव्या हाताचा नियम तेवढा त्याने मनापासून केला. मेसमध्ये आमटीचा डाव मुठीत धरायचा, अंगठा वर. करंट वर, म्हणजे फील्ड बोटांच्या वळणाने असं गोल. मागे रांग खोळंबलेली, डावातली आमटी पुढच्याच्या भातावर. आचारी काही बोलत नसे. त्याने अशा बऱ्याच बॅचेस पाहिल्या असाव्यात.

पेपरात इलेक्ट्रॉन आला, चुंबकीय क्षेत्रात सरळ घुसणारा. बल कुठल्या दिशेला? सगळा हॉल हात पिरगाळू लागला. सुपरव्हायझरला खुणांची कॉपी वाटली. ऑप्शनरावने पेन उजव्या हातात तसंच ठेवून डावी बोटं ताणली. दिशा अर्थातच उलटी निघाली. त्यावर इलेक्ट्रॉनचा चार्ज निगेटिव्ह असतो हेही तो विसरला, म्हणजे ती उलटी करायची राहिली. उत्तर बरोबर.

बाहेर आल्यावर वर्गातल्या स्कॉलरने दोन्ही चुका पटवून दिल्या. ऑप्शनरावने क्षणभर दोन्ही हातांकडे पाहिलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "उजवा हात ऑप्शनला टाकला असता तरी चाललं असतं!"