लेव्हलमामा

कोणी नव्या फ्लॅटवर बोलावलं की बाकीचे पाहुणे फरशी बघतात, ओटा बघतात, बाल्कनीतून देवगिरीचा किल्ला दिसतो का ते बघतात. लेव्हलमामा उंबऱ्यातच थांबतो, मान मागे टाकतो आणि वर बघत राहतो. तोंड थोडं उघडं. मग खिशातून टॉर्च निघते. ती तो सरळ वर मारत नाही, भिंतीला चिकटवून आडवी धरतो. आडव्या उजेडात छताचं पितळ उघडं पडतं. इथे पोट सुटलंय, तिथे सांध्यावर उंचवटा आलाय. यजमान चहा घेऊन आले की मामा सांत्वनाच्या सुरात म्हणतो, "रंग चांगलाय."

मामा फॉल सिलिंगची कामं घेतो. जालना रोडवरची दुकानं, गारखेड्यातले बंगले, बीड बायपासपलीकडे सातारा-देवळाईत उठलेल्या इमारती. अर्ध्या संभाजीनगरच्या डोक्यावर तुमचा हात आहे म्हटलं तर तो म्हणतो, हात नाही, फ्रेम आहे.

काम बघायला गेला की त्याचा पहिला प्रश्न डिझाइनचा नसतो. "नळाला पाणी आलं की मोटर लावून झोपता का?" घरातल्या बाई गडबडतात. पण प्रश्न रास्त आहे. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांच्या अंतराने येतं, तेही अनेकदा आडवेळी. मोटर लावून माणूस जरा पाठ टेकतो, टाकी ओसंडते, गच्चीवर तळं साचतं आणि पुढे कधीतरी खालच्या जिप्सम बोर्डावर चहाच्या रंगाचा डाग उमटतो. जिप्समला पाण्याचं वावडं. म्हणून मामा आधी गच्चीवर चढतो, मग पैशाचं बोलतो. उन्हाळ्यात स्लॅब तापतो म्हणून लोक सिलिंग करतात, पावसाळ्यात स्लॅब पाझरतो म्हणून ते खराब होतं, आणि या दोन्हींच्या मधे मामाचं पोट चालतं.

त्याच्या हाताखालच्या पोरांकडे हिरवी रेघ मारणारं लेझर आहे. मामा ते लावू देतो. मग पाण्याची नळी मागवतो आणि लेझर खरं बोलतंय का ते तपासतो. नळीत एक बुडबुडा राहिला तरी दोन्ही टोकांच्या पातळीचा भरवसा नाही, म्हणून सगळी नळी टिचक्या मारत बघायची. थोरला पोरगा वैतागतो. "मामू, लेझर में दिख रा ना सब!"

"लेझर परवा स्टुलावरून पडलं होतं," मामा म्हणतो. "पाणी पडलं तरी पाणीच राहतं."

उल्कानगरीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी या स्वभावाची खरी परीक्षा झाली. वास्तुशांतीची तारीख ठरलेली, पत्रिका वाटून झालेल्या, केटरर आगाऊ रक्कम घेऊन गेलेला. हॉलची फ्रेम उभी होती, बोर्ड भिंतीशी रचलेले. मामाने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी ताणली. मधल्या एका सेक्शनला दोरी घासली.

"दोन सूत उतरलंय. सोडवा."

सरांनी पत्रिकेकडे बघितलं. "अहो मामा, यावर बोर्ड बसणार, बोर्डावर टेप, लांबी, वरून रंग. आतलं दिसतंय कोणाला?"

हे वाक्य मामासमोर बोलू नये. याआधी बोललेल्या एका गिऱ्हाइकाला त्याने स्वतःच दुसरा ठेकेदार शोधून दिला होता. सरांचा मात्र त्याने मान ठेवला. म्हणजे त्यांना घोडीवर चढवलं.

"काहून दिसत नाही? बघा की. स्लॅबमधून पट्ट्या खाली आल्यात, त्याला ही आडवी चॅनल, 4 फुटांवर. तिच्या खाली हे सेक्शन, दीड फुटावर. दीड म्हणजे दीड. दोन फुटांवर टाकले तर माझे चार सेक्शन वाचतात आणि तुम्हाला आज काहीच कळत नाही. एकेक बोर्ड 20 किलोच्या आसपास असतो, सर. तो दम धरतो. दोन पावसाळे जाऊ द्या, मग तो पोट सोडतो."

सर खाली उतरू लागले. मामाने घोडीचा पाय धरून ठेवला होता.

"आता सांधा बघा. बोर्डाचा काठ हवेत सोडायचा नाही, सेक्शनवरच यायला पाहिजे. पट्टी 2 इंचांची. 1 इंच याचा, 1 इंच त्याचा. भावाभावांच्या वाटणीसारखं आहे, एकाने अर्धा इंच जास्त दाबला की भेग पडणारच."

सरांचा गावाकडे भावाशी बांधाचा वाद चालू होता. फ्रेम सोडवायला त्यांनी लगेच होकार दिला.

एक सेक्शन उचललं की शेजारचं पडल्यासारखं वाटे, ते उचललं की पलीकडचं. संध्याकाळपर्यंत सगळा हॉल पुन्हा दोरीत आला. मधे मॅडमनी झुंबराचा विषय काढला आणि फ्रेमच्या मधोमध हुक लावून मागितला. मामाने छातीवर हात ठेवला. फ्रेमवर फक्त बोर्डाचा हक्क; पंखा आणि झुंबर थेट स्लॅबला. या कलमावर तो नवऱ्या-बायकोचं भांडण होऊ देतो, पण तडजोड करत नाही.

एवढी निष्ठा आली कुठून म्हणाल, तर वेरूळ जवळ आहे. एकदा सोयरे आले म्हणून मामा त्यांना लेणी दाखवायला घेऊन गेला. सोयरे कैलासापुढे थक्क होऊन उभे राहिले. मामा 10 नंबरात अडकला. लोक तिला सुतार की झोपडी म्हणतात. आत स्तूपापुढे बुद्ध बसलेले, आणि वर कमानदार छताला दगडाच्याच फासळ्या कोरलेल्या, लाकडी वासे असावेत तशा. छत म्हणजे अखंड डोंगर. कुठलीही फासळी भार घेत नाही. लाकडी बांधकामाची सवय दगडात उतरली, असं अभ्यासक सांगतात. मामा वेगळ्याच कारणाने गहिवरला. "ज्याला फ्रेमची गरज नाही त्यालापण फ्रेम केली! आणि अंतर बघा, अंतर!" सोयऱ्यांना भूक लागली होती.

मामाच्या मोबाइलमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत, पण तिथवर पोचायला वेळ लागतो. आधी एन-4 मधला हॉल, मग देवळाईतली बेडरूम, सगळे बोर्ड चढायच्या आधीचे. त्यात शहाणपणही आहे. उद्या पडद्याचा पाइप बसवायला कोणी ड्रिल घेऊन आला तर आत सेक्शन कुठे आहे हे त्या फोटोतच सापडतं. पण मामा ते ज्या डोळ्यांनी बघतो ते ड्रिलवाल्याचे डोळे नव्हेत.

सरांची वास्तुशांती ठरल्या दिवशी झाली. पाहुण्यांनी कोव्ह लाइटचं कौतुक केलं, रंगाचं केलं, झुंबराचं तर फारच केलं. मामा पंगतीत खाली मान घालून जेवत होता. तेवढ्यात सरांनी व्याह्यांना बाजूला घेतलं, खिशातून मोबाइल काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "हे वरवरचं सोडा. बोर्डाच्या आधीचं दाखवतो. सेक्शन दीड फुटावर आहेत, दीड म्हणजे दीड."

मामा हातातला घास तसाच धरून उठला आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

"सर," तो म्हणाला, "फोटो तिरका काढलाय."