बॅकअप आहे हो, रिस्टोअरचं विचारू नका

"आपला सगळा कोड क्लाउडवर आहे, काळजीच नको." हिंजवडीतल्या कुठल्याही मीटिंगमध्ये हे वाक्य कानावर पडतं. क्लाउडवर म्हणजे कुणाच्या खात्यावर, आणि त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे, असं विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलावत नाहीत.

कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. धंदा काय, तर लोकांचा सोर्स कोड सांभाळायचा. जून २०१४ मध्ये तिच्या ॲमेझॉन खात्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कुणीतरी शिरलं आणि खंडणी मागितली. कंपनीने घाईघाईने पासवर्ड बदलले. पाहुण्याने जादा लॉगिन आधीच करून ठेवले होते. त्याने पुसायला घेतलं. डेटा, स्नॅपशॉट, मशीन इमेज.

आणि बॅकअप. होते ना, बॅकअप होते! घराची दुसरी किल्ली पहिल्याच जुडग्यात असावी, तसे. 'ऑफसाइट' म्हणवणारेही बहुतेक गेले.

कंपनीही गेली.

पण खरी मजा गिटलॅबची, कोड सांभाळणाऱ्या आणखी एका कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका इंजिनिअरने भलत्याच डेटाबेस सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली. लक्षात येईपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. हरकत नाही, बॅकअपच्या पाच-पाच तऱ्हा होत्या. त्यातली एकही धड चालत नव्हती. रोजचा डंप पोस्टग्रेसची आवृत्ती जुळत नसल्याने फसत होता. फसल्याची ईमेलही सुटत होती, आणि ती नाकारली जात होती.

मग तारलं कुणी? सहा तास आधी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका स्नॅपशॉटने. ह्याला पुढे 'डिझास्टर रिकव्हरी' म्हणतात.

गिटमधला कोड वाचला, कारण तो दुसरीकडे होता. उडालेल्यांत मधल्या तासांतल्या कोडवरच्या चर्चाही होत्या. काहींना हे नुकसान वाटलंही नसेल.

"अहो, पण गिट आहे! प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खा इतिहास असतो." असतो की. नोकरी सोडताना लॅपटॉप परत जातो आणि आयटीवाले तो त्याच दुपारी फॉरमॅट करतात. उरलेल्या क्लोनमध्ये डेटाबेस नसतो, पाइपलाइनची गुपितं नसतात, कुणीतरी कधीतरी थेट कन्सोलवर टाइप केलेल्या सेटिंगा तर नसतातच. कोड मिळाला. चालवणार कसा?

मोठ्या क्लाउडवाल्यांकडे असं होत नाही म्हणता? मे २०२४. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं प्रायव्हेट क्लाउड गुगलकडून आपोआप पुसलं गेलं. कारण? उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. प्रती दोन ठिकाणी होत्या, दोन्ही गेल्या. सहा लाखांवर सभासदांना आठवडाभर स्वतःचं खातं दिसेना. फंड उभा राहिला, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता.

आपल्याकडे असा दुसरा खर्च सुचवून बघा. "एका क्लाउडला पैसे देतोय ना?" फायनान्सवाले विचारतील. मॅनेजर मान डोलावेल.

बॅकअपचं विचारायला वर्षातून एकदा ऑडिटवाला येतो तेवढा. त्याच्या फॉर्मात 'बॅकअप घेतला जातो का?' पुढे ठसठशीत 'होय' असतं. खालचा रकाना, 'शेवटचं रिस्टोअर करून पाहिल्याची तारीख'. तिथे लिहिलेलं असतं: लागू नाही.