माउली, भांडी!

दीडशे माणसांचा संसार एका ट्रकमध्ये मावतो, आणि दोघांचा कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, हे ज्ञान मला 2025 ची आषाढी वारी करून आल्यावर झालं. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर गेलो होतो, तेव्हा ज्ञान होणं ओघानंच आलं. फक्त ते ब्रह्माविषयी असेल अशी माझी समजूत होती, निघालं माळ्याविषयी.

टीव्हीवर वारी पाहणाऱ्यांना टाळ, पताका आणि डोक्यावरचं तुळशीवृंदावन दिसतं. ट्रक कोणी दाखवत नाही. खरी दिंडी चालते ती त्याच्यावर. तंबू, सतरंज्या, पातेली, सिलिंडर, धान्याची पोती आणि वर प्रत्येकाची नाव घातलेली बॅग. पाठोपाठ पाण्याचा टँकर. आपण अभंग म्हणत पायी यायचं, तोवर ट्रकनं पुढच्या तळावर जाऊन गाव वसवून ठेवलेलं असतं. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा माझा मेव्हणा ‘चाकांवरचं घर, चाकांवरचं घर’ म्हणून हरखला होता. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली त्याला आता दोनशे वर्षं होत आली, आणि चाकांवरचे संसार पंढरीच्या वाटेवर बैलगाडीच्या काळापासून चालू आहेत, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याला आत टीव्ही हवा होता.

या फिरत्या संसाराचं सुख एकच, पण केवढं! आज भाजी काय करायची, हे कोणी कोणाला विचारत नाही. सुरुवातीला भिशीचे पैसे भरले की प्रश्न कायमचा मिटला. आचारीमामा जे वाढतील ते पंगतीत बसून खायचं, ताट विसळायचं, आडवं व्हायचं. पहाटे तीनला कोणीतरी ‘माउली, उठा’ म्हणतं. उठायचं. टँकरच्या नळाखाली थंड पाण्यानं आंघोळ, पुन्हा चालू. फलटणला विमानतळावर मुक्काम असतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी विमानतळावर सामानाची काळजी न करता झोपलो.

आमचं पुणेरीपण मात्र वारीतही सुटलं नाही. पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. लांबलांबून आलेले वारकरी त्या दोन दिवसांत मिळेल त्या ओसरीवर पथारी टाकतात. आम्ही रिक्षा करून घरी झोपायला आलो. का, तर गॅसचा नॉब बंद केला की नाही याची बायकोला आळंदीपासून शंका होती. नॉब बंद होता. मग आलोच आहोत तर म्हणून तिनं लोणच्याची बरणी पिशवीत घातली आणि तिसऱ्या दिवशी ती बरणी दिवेघाट चढली. पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांब टप्पा. बरणी कोणी उचलली हे सांगत नाही.

6 जुलैला एकादशी झाली, द्वादशीला पारणं फेडलं, एसटीनं स्वारगेट गाठलं आणि घराचं दार उघडलं. उघडलं म्हणजे खांद्यानं ढकललं. पुण्यातल्या पावसानं ते फुगून चौकटीत रुतलं होतं. आत कोंदट वासानं स्वागत केलं. कपाटातल्या माझ्या कातडी पट्ट्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. रव्यात पोरकिडे झाले होते. बाल्कनीतली गवती चहाची कुंडी मात्र रानासारखी माजली होती. कोणी लक्ष दिलं नाही की बरी वाढते, असा शेरा बायकोनं मारला तो कुंडीवरच होता असं मी धरून चाललो.

आणि कपडे! वारीत दोन जोड पुरले होते. एक अंगावर, एक दांडीवर. घरी परतल्यावर तेच दोन जोड धुतले, तर जुलैच्या हवेत ते वाळेनात. पहिली रात्र पंख्याखाली, दुसरी खुर्चीच्या पाठीवर, तिसरी इस्त्रीच्या दडपणाखाली. कपाटात पन्नास कोरडे कपडे लटकत होते, पण सगळ्यांना बुरशीचा वास. तळावर वाऱ्यावर घटकाभरात वाळणारा लेंगा इथं चार भिंतींत वाळत नाही, तर घर बांधून माणसानं मिळवलं काय, हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला. ‘दोरी वर ओढा आधी,’ असं उत्तर आलं.

संध्याकाळी तो भयंकर प्रश्नही आला. ‘अहो, भाजी काय करू?’ वारीत विसरलेलं सगळं एका वाक्यात आठवलं. त्यात चातुर्मास लागलेला. बायकोचा कांदा-लसूण-वांगं कार्तिकीपर्यंत बंद, आणि तिचं बंद म्हणजे घराचं बंद. त्याआधी मनसोक्त खाऊन घ्यायची कांदेनवमी वाखरीच्या अलीकडेपलीकडे कधीतरी निघून गेली होती. पंढरी समोर असताना कांदाभज्यांची हळहळ वाटणं बरं नव्हे, म्हणून मी ती घरी येऊन केली.

वारीतली एक पद्धत घरात आणावी असं मला फार वाटतं. मुक्कामी पोचल्यावर समाजआरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ वाजत असतात, आणि चोपदारांनी दंड उंच केला की एवढा समुदाय क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथंच पुकारल्या जातात. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी प्रयोग म्हणून ताटावर चमचा वाजवत राहिलो. तक्रार दुधी भोपळ्याविषयी होती. बायकोनं उलथनं उंच केलं. मी क्षणात गप्प झालो. निवाडा झालाच नाही. शिवाय माझा हरवलेला चष्मा ‘डोक्यावर आहे’ असं खालच्या मजल्यापर्यंत पुकारलं गेलं.

या सगळ्यात भांडी साचत होती, कारण आमच्या कामाच्या मावशीही वारीला होत्या. आमची दिंडी रथापुढची, त्यांची रथामागची. लोणंदच्या तळावर अचानक भेटल्या. बायको वाकून त्यांच्या पाया पडली, त्या हिच्या पाया पडल्या, दोघींनी मिठी मारली, डोळे पुसले. बराच वेळ हातात हात घेऊन काही बोलल्या. टाळांच्या गजरात मला ऐकू आलं नाही. वारीत सगळे सारखे, म्हणून मीही वाकलो; इतकी वर्षं त्यांनी आमची फरशी पुसली, वाकण्याचा त्यांचा सराव माझ्याहून दांडगा होता.

मावशी मुरलेल्या वारकरी. त्या आमच्यासारख्या द्वादशीला पळाल्या नाहीत. पौर्णिमेचा गोपाळकाला करूनच परतल्या. तोवर भांडी मी घासली. आचारीमामांच्या दीडशे माणसांच्या पातेल्यापेक्षा आमची चहा करपलेली पातेली जास्त हट्टी आहे, हे मी अनुभवानं सांगतो.

अखेर एका सकाळी बेल वाजली. मावशी! कपाळाला बुक्का, हातात चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद. बायको धावली. पुन्हा पाया पडणं, पुन्हा मिठी. मी प्रसाद तोंडात टाकला आणि अत्यंत भक्तिभावानं म्हणालो, ‘माउली, भांडी...’

‘घासते की,’ मावशी पदर खोचत म्हणाल्या, ‘पण या महिन्यापासून पाचशे वाढवून. ताईंनी लोणंदला शब्द दिलाय. माउलींच्या रथासमोर.’

मी बायकोकडे पाहिलं. ती गवती चहाला पाणी घालायला बाल्कनीत गेली होती. बाहेर धो-धो पाऊस पडत होता.