कोचीच्या सहलीची तजवीज

ज्या मनुष्यास वास्को द गामाच्या मृत्यूची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी बिनचूक सांगता येते (२४ डिसेंबर १५२४), त्याच्याच हाती कोची बंदरावरील सहलीच्या निवडीचे मुखत्यारपत्र असावे, हे मला इतके स्वयंसिद्ध वाटत होते की घरातील अन्य मंडळींचे मत अजमावण्याचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. नातवंडांना घेऊन मुंबईहून गोवा, कोची आणि पुढे लक्षद्वीप असा जलप्रवास करावयाचा, बोट ज्या बंदरास लागेल तेथे काही तास उतरून काय पाहावयाचे ते ठरवावयाचे, यात मसलत कसली? बोटीवर मिळालेले सहलींचे पत्रक मी एखाद्या संस्थानाच्या दिवाणाने तहनामा वाचावा तशा गांभीर्याने वाचावयास घेतले.

ज्या सहलींपुढे हसऱ्या मुलाचे चित्र छापले होते त्या सहकुटुंब करण्याजोग्या, असा पत्रकाचा संकेत होता. त्या संकेतान्वये सर्वांत बालस्नेही ठरलेली सहल मंडळींना सकाळी बसमध्ये बसवून, एक राजवाडा, एक सिनेगॉग, एक चर्च आणि मसाल्याचे एक दुकान (येथे थांबणे ऐच्छिक म्हटले असले तरी बसचे दार खरेदी उरकल्यावाचून उघडत नाही, असा माझा अन्यत्रचा अनुभव आहे) एवढा मुलूख पादाक्रांत करून, मुलांची भूक मरून गेल्यावर त्यांना जेवणाच्या टेबलाशी आणून सोडणारी होती. मुलांना तिकीट अर्धे, पायपीट मात्र पूर्ण. पत्रक लिहिणाऱ्यास मुले असतील तर ती त्याने लेखनकाळापुरती आजोळी धाडली असावीत.

तथापि मला ती सहल मनापासून आवडली, कारण तिच्यात प्रत्येक थांब्यावर मला बोलता येण्यासारखे काही ना काही होते. ज्या विलिंग्डन बेटाला बोट लागते ते निसर्गाने नव्हे, तर रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज अभियंत्याने बंदराचा गाळ उपसून निर्माण केले. मट्टनचेरीचे सिनेगॉग १५६८ सालचे, आणि त्याच्या जमिनीवरील चिनी फरशा हाताने रंगविलेल्या. सेंट फ्रान्सिस चर्चमधील गामाच्या थडग्यापाशी करावयाच्या भाषणाचा तर मी मसुदाच सिद्ध केला होता. तो रात्रीच्या जेवणानंतर नातवास ऐकवावयास बसलो, तेव्हा त्याने मध्येच विचारले, "आजोबा, गामा अजून तिथेच आहे का?"

"नाही. १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या."

"मग आपण रिकामी जागा बघायला जायचं?"

इतिहाससंशोधनाच्या शिस्तीत या प्रश्नाला समर्पक उत्तर आहे; पण ते मला आठवेपर्यंत तो तरणतलावाकडे निघून गेला होता.

सूनबाईंनी पत्रकातील एकही सहल वाचली नाही. त्यांनी स्वागतकक्षात जाऊन फक्त एक चौकशी केली, ती म्हणजे बोटीवर परत येण्याची अखेरची वेळ कोणती. आणि त्यातून दोन तास वजा केले. बोटीच्या स्वतःच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते, आपण आपल्या मुखत्यारीने गेलो तर थांबत नाही, हा त्यातला मुख्य कायदा त्यांना ठाऊक होता आणि मला नव्हता. मग सावली कोठे, स्वच्छतागृह कोठे, मुलांना बसून किती वेळ राहावे लागेल, एवढ्याच कलमांवर त्यांनी निवाडा दिला: टॅक्सीने फोर्ट कोची, तेथे चिनी जाळी, मुलांना रुचेल तेवढे चर्च, जलमेट्रोची एक फेरी, आणि परत. मी या तजविजीस मंजुरी दिली. ती कोणी मागितली नव्हती, परंतु घरात काही शिस्त राहावी म्हणून दिली.

येथे थोडे विषयांतर करतो, आणि ते मला प्रिय असल्यामुळे लांबेल. मुंबई सोडल्यावर रात्रभर बोट कोकणच्या किनाऱ्याला समांतर जात होती. सर्वजण झोपले असता मी कठड्याशी उभा राहून विजयदुर्ग कोठे असेल याचा अदमास घेत होतो; दिसत काहीच नव्हते. याच वाटेने लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणास जात असू. वळकटी पसरून डेकवर जागा धरावयाची, फिरकीचा तांब्या उशाशी, कोणाला उलटी होऊ लागली की आल्याचा तुकडा हातोहात पुढे जावयाचा. मालवणपुढे खडक फार, म्हणून आगबोट दूर उभी राही आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. पडाव लाटेवर वर आला की पाय टाकावयाचा, खाली गेला की थांबावयाचे. त्या क्षणाचा हिशेब चुकला तर पुढे समुद्र होता. खालून खलाशी हात वर करून ओरडे, "आजये, झिलाक हय दी, भिया नको!" आणि आजीने माझ्या सदऱ्याची किनार मुठीत धरलेली असे ती सुटता सुटत नसे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यानंतर माझा जन्म झाला. पण आजीच्या लेखी ती बोट रोज बुडत असे. तिच्या त्या मुठीला मी तेव्हा फार हसत असे.

असो. कोचीची चिनी जाळी मात्र पाहण्यासारखी आहेत. तीनचार पुरुष उंचीचा लाकडी सांगाडा, त्याच्या टोकाला पाण्यात बुडवलेले अवाढव्य जाळे, आणि मागच्या दोरांना निरनिराळ्या अंतरांवर बांधलेले धोंडे. माणसे दोर ओढू लागली की जाळे वर येते आणि धोंडे एकामागून एक फळ्यांवर टेकत जातात, त्यामुळे तोल ढळत नाही. नातवाने दोराला हात लावला, नातीने जाळ्यात आलेल्या मासळीपेक्षा ती मासळी हेरून बसलेल्या मांजरांची मोजदाद अधिक आस्थेने केली. चर्चमध्ये गामाकडे दोघांनीही पाहिले नाही. त्यांचे डोळे वर टांगलेल्या जुन्या कापडी पंख्यांकडे लागले होते. ते दोरीने ओढले जात आणि ओढणारा भिंतीबाहेर बसे, असे कळताच नातीने विचारले, "मग त्याला कोण वारा घालायचं?" माझ्या मसुद्यात याविषयी एक ओळही नव्हती.

लक्षद्वीपला मोठी बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी राहते आणि उतारूंना छोट्या नावेत उतरवतात. प्राणरक्षक जाकिटे होती, हात धरावयास दोन दणकट खलाशी होते, भिण्याचे काहीच कारण नव्हते. नाव वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. नातू म्हणाला, "आजोबा, शर्ट सोडा ना."

सोडला, पण नाव पुन्हा वर आल्यावर.

आता मुंबई-गोवा मार्गावरील बोटवाल्यांकडे माझी एक दरखास्त आहे. आमची बोट आख्ख्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यापुढून गेली आणि तिला मधल्या एकाही बंदराची ओळख नव्हती, हे मला खटकले. एक मुक्काम मालवणास ठेवावा. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चुन्यात उमटलेले शिवछत्रपतींच्या हातापायांचे ठसे आहेत, आणि मुलांना आत जाण्यासाठी समुद्रातूनच जावे लागते, याहून बालस्नेही सहल मला ठाऊक नाही. मोठ्या बोटीस धक्का नसला तरी बिघडत नाही. बंदरातून किल्ल्यात जाण्यास होड्या मिळतात. पावसाळ्यात तेवढ्या बंद असतात.